सगळे रडत होते तेव्हा

पडद्यावरच्या बाईने डोळे मिटले, माइकजवळ तोंड नेलं आणि गायला सुरुवात केली, तेव्हा प्रेक्षकांत बसलेल्या तिला वाटलं यंत्रात काहीतरी बिघडलंय. भांड्यांनी भरलेली टोपली कोणीतरी जिन्यावरून सोडून द्यावी तसा आवाज येत होता, आणि त्या खडखडाटातून गाण्याचे शब्द तेवढे एकेक करून धडधाकट बाहेर पडत होते. आता लोक ओरडतील, कोणीतरी शिट्टी मारेल, दिवे लागतील, म्हणून तिने मागे वळून भिंतीतल्या त्या उजेडाच्या चौकोनी भोकाकडे पाहिलंसुद्धा. कोणी ओरडलं नाही. पुढच्या रांगेतल्या टक्कल पडलेल्या माणसाने गालावर तळहात ठेवला होता आणि मान एका बाजूला कलती केली होती. त्याच्या पलीकडच्या दोन मुलींनी एकमेकींचे हात धरले होते. आणि तिचा नवरा, ज्याला लिफ्टच्या मोटारीखेरीज कुठल्याच आवाजात रस नव्हता, जो इतकी वर्षं हिच्या गाण्यांना "तुझी ती रडवी बाई" म्हणत आला होता, त्याने चष्मा काढून शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

"अहो, आवाज नीट येत नाहीये ना?" ती त्याच्या कानाशी लागली.

"शू," तो म्हणाला. "ऐक."

तो चिडून म्हणाला की गहिवरून, ते तिला कळलं नाही. तसं गेला आठवडाभर तिला कोणाचंच काही कळत नव्हतं. घरातले सगळे आपल्याशी तुसडेपणाने बोलायला लागलेत असं तिला वाटत होतं. मुलगी "आई, जेवलीस का?" विचारायची तेसुद्धा हजेरी घेतल्यासारखं. शेजारणीचा रेडिओ सकाळी नुसता करवादायचा, म्हणून परवा तिने चक्क जाऊन सांगितलं होतं की जरा हळू लावा, आणि शेजारीण हसली होती की रागावली होती, कोण जाणे. उन्हाळा आहे, वय झालंय, झोप पुरी होत नाही, अशी कारणं तिने स्वतःला दिली होती. पण आता इथे, थोरलीच्या आयुष्यावरच्या या सिनेमात, खुद्द थोरली! चार बहिणींत मोठी म्हणून तिच्या साथीदारांपासून जगापर्यंत सगळे तिला थोरलीच म्हणायचे. प्रार्थनाघरात देवाला मारायची हाक थोरलीने उचलली आणि माणसाला मारली, त्या गाण्याला लोक सोल, म्हणजे आत्म्याचं संगीत, म्हणायला लागले. असं दादा सांगायचा. दादा म्हणजे तिचा मोठा भाऊ. थोरलीची पहिली तबकडी घरात आणली ती त्याने. वडिलांना तो गोंगाट खपत नसे, म्हणून दोघं भावंडं आवाज अगदी बारीक करून स्पीकरच्या जाळीला कान लावून बसायची, एक कान त्याचा, एक तिचा, मध्ये नाकाला नाक लागेल इतकी जागा. खुर्चीचं गाणं हे तिचं सगळ्यांत आवडतं. निघून गेलेल्या माणसाला ती बाई सांगते की तू गेलास तरी तुझी खुर्ची मी जागची हलवणार नाही, त्यावर कोणाला बसू देणार नाही, एवढंच ते गाणं. शेवटच्या कडव्यात खुर्ची या शब्दावर थोरलीचा आवाज एकदम तुटायचा, आणि तुटलेल्या आवाजाच्या आतून दुसराच एक आवाज वर यायचा, रडून झालेल्या माणसाचा. ती जागा यायच्या आधी दादा एक बोट वर करायचा आणि पुटपुटायचा, "आता बघ." दरवेळी. तिला ठाऊक असायचं, तरी तो म्हणायचा, आणि दरवेळी तिच्या पाठीवर काटा यायचा. दादा अकाली गेला तेव्हा ती रडली नव्हती. पुढे महिन्याभराने तबकडी लावली आणि त्या जागेशी कोणी "आता बघ" म्हणालं नाही, तेव्हा स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसून रडली होती. तेव्हापासून दादाचा आवाज तिने त्या दोन शब्दांत जपून ठेवला होता.

आता पडद्यावर तेच गाणं चाललं होतं. शेवटचं कडवं. तिने खुर्चीचे हात घट्ट धरले. जागा जवळ येत होती हे शब्दांवरून कळत होतं. शब्द आला. खडखडाटात एक ताट आणखी पडलं, एवढंच. पण त्याच क्षणी सगळं सिनेमागृह एकदम आत श्वास ओढून थांबलं, एवढी माणसं एका छातीने श्वास घेतल्यासारखी, आणि कुठून तरी एका पुरुषाच्या तोंडून "हाय" असं निघालं. ती जागा आली होती आणि गेली होती. सगळ्यांना मिळाली, तिला सोडून. तिने घाईघाईने डोळे मिटले आणि मनातल्या मनात दादाला बोलावलं. दादाचं वर केलेलं बोट आलं, त्याच्या नखाखालची नेहमीची शाई आली, "आता बघ" हे शब्दही आले. आवाज आला नाही. कोणीतरी कागदावर छापून द्यावेत तसे ते दोन शब्द समोर उभे राहिले, मुके. थोरली जाऊ दे, तिच्या तबकड्या जगभर आहेत. दादा मात्र फक्त तिच्याच डोक्यात होता.

उरलेला सिनेमा तिने माणसांकडे बघून पाहिला. लोक कधी हसतात, कधी मान डोलावतात, कधी पाय हलवतात, यावर नजर ठेवून ती अर्ध्या क्षणाने मागून तसंच करत राहिली, लग्नघरात नवख्या माणसाने पंगतीतल्या इतरांकडे चोरून बघावं तशी. थोरलीच्या पहिल्या नवऱ्याने तिच्या तोंडात मारली तेव्हा मागच्या रांगेतून एक बाई मोठ्याने म्हणाली, "मुडदा बशिवला मेल्याचा!" आणि सगळे हसले, तीही हसली. नाचाच्या गाण्याला लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला; तिने धरायला बघितला, पण हात सारखे दोन टाळ्यांच्या मध्येच पडायला लागले, तेव्हा शेजारच्या खुर्चीवरची अनोळखी मुलगी आपल्याकडे बघते आहे असं वाटून तिने ते मांडीखाली घातले. एकदाच काय ती ती त्या सगळ्यांच्यात होती. थोरलीचा आवाज बसतो, भरल्या सभेत ती माइकपुढे उभी राहते, तोंड उघडते आणि काहीच बाहेर येत नाही, असा प्रसंग होता. वाद्यं थांबली. सभा थांबली. सिनेमा बघणारेही थांबले. त्या शांततेत मात्र कसलीच भांडी वाजत नव्हती. तिला जे ऐकू येत होतं तेच सगळ्यांना येत होतं, आणि पडद्यावरच्या बाईच्या डोळ्यांत जी भीती होती ती तिला इतकी तंतोतंत ओळखू आली की तिने नवऱ्याचा दंड धरला. मग थोरलीला आवाज परत मिळाला. लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. ती बसूनच राहिली.

बाहेरच्या दालनात माणसांचा घोळका सुटत नव्हता. कोणी म्हणत होतं नटीने स्वतः गायला हवं होतं, नुसते ओठ हलवलेत. एक म्हातारे गृहस्थ, थोरलीला प्रत्यक्ष ऐकलेले, भेटेल त्याला थांबवून सांगत होते की ही काहीच नाही हो, ती गायची तेव्हा खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. एक तरुण मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि त्याची मैत्रीण त्याची पाठ चोळत होती. तिला हे सगळे काचेपलीकडचे वाटले. दुसऱ्या रांगेत जागा मिळालेली मुलगी धावत आली. मुलांना चित्रकला शिकवणारी तिची मुलगी, तिनेच हट्टाने ही तिकिटं काढली होती, आईची थोरली म्हणून.

"वा आई! बाबा रडले, मी रडले, आणि तू कोरडी ठणठणीत?"

ही थट्टा होती की तिचं मन दुखावलं होतं? तिने मुलीच्या चेहऱ्याकडे बघितलं, पण मुलगी तोवर रिक्षा शोधायला पाठमोरी झाली होती, आणि पाठीला काही चेहरा नसतो.

"त्या नटीचं तोंड नाही जमलं मला," ती म्हणाली. "थोरलीची हनुवटी काय होती!"

"झालं," नवरा म्हणाला. "एवढं गाणं गेलं आणि ही हनुवटी घेऊन बसली."

मुलीचे खांदे हलले, म्हणजे ती हसत असणार. तिने सुटकेचा श्वास टाकला, आणि लगेच तिच्या लक्षात आलं की आपण पोटच्या मुलीचं हसणं खांद्यांवरून ओळखलं.

दुसऱ्या दिवशी नवरा कामावर गेल्यावर तिने स्वतःची तबकडी काढली, पुसली, लावली. पहिल्याच ओळीला भांडी पडायला लागली. तिने सुई उचलली. हे कोणाला सांगायचं, आणि काय म्हणून सांगायचं? ऐकू येत नाही म्हणावं तर टाचणी पडलेली ऐकू येत होती. वेड लागलं म्हणावं तर घर, गॅस, किल्ल्या, सगळं जागच्या जागी होतं. बोलून दाखवलं की ते खरं होईल असं तिला वाटत होतं, म्हणून तिने तोंडाला कुलूप घातलं आणि वेळेवर कामावर गेली.

ती एका मोठ्या इस्पितळात टेलिफोनवर होती. कानाला यंत्र लावायचं, "नमस्कार, बोला" म्हणायचं आणि ज्याला जिथे हवं तिथे जोडून द्यायचं, हे काम करता करता तिचे केस पांढरे झाले होते. जोडून देणं हे कोणीही करील. खरं काम पहिल्या "हॅलो"तच व्हायचं. माणूस घाबरलाय की नुसता वैतागलाय, भांडायला आलाय की हातातून फोन गळून पडायच्या बेतात आहे, ते त्या एका शब्दात कळलं की पुढचं सोपं. त्या दिवशी तिच्या कानात आलेले सगळे "हॅलो" एकाच साच्यातून काढलेल्या विटांसारखे होते. ती शब्दांना धरून चालत राहिली. नेत्रविभाग म्हणाले, दिला. हिशेब म्हणाले, दिला. दुपारी एक माणूस म्हणाला, "माझी बायको आहे तिथे. ती कशी आहे, विचारायचं होतं."

"भेटायची वेळ चार ते सहा," तिने सांगितलं. "तेव्हा या." आणि दुसरा फोन घेतला.

थोड्या वेळाने शेजारच्या खुर्चीवरची तरुण ऑपरेटर ताडकन उठली. तिने कुठलातरी फोन घाईने अतिदक्षता विभागाला जोडला, कानाचं यंत्र काढलं आणि हिच्याकडे वळली.

"ताई, तो माणूस हमसाहमशी रडतोय! सकाळी अपघातात आणलेल्या बाईचा नवरा. कोणीतरी भेटायची वेळ सांगून फोन ठेवला म्हणत होता." मग ती थांबली. "तुम्ही नव्हता ना?"

"रडत होता?" तिने विचारलं.

"म्हणजे काय ताई! शब्द फुटत नव्हता त्याला."

शब्द तर फुटत होते. मोजून मापून, नीट, एकेक. तिला ते सगळे आठवत होते. सिनेमागृहात आपल्याकडून निसटलं ते आपल्यापुरतं होतं, असं तिने मनाशी धरलं होतं. आज एक माणूस तिच्या कानात रडला होता आणि तिने त्याला चार वाजता यायला सांगितलं होतं. अशी माणसं आणखी किती झाली असतील या आठवड्यात? तिने पोटात दुखतंय म्हणून सांगितलं आणि पर्स उचलली. तरुण ऑपरेटरने काहीतरी विचारलं. ती काळजी होती की संशय, ते समजून घ्यायला तिथे थांबायचं धाडस तिला झालं नाही.

ती घरी गेली नाही. पाय तिला त्याच सिनेमागृहाकडे घेऊन गेले. कदाचित आदल्या दिवशी त्यांचं यंत्रच खराब असेल, कदाचित सगळे रडत होते ते निव्वळ देखाव्यापायी. इतक्या वेड्या आशेवर माणूस तिकीट काढू शकतो हे तिला खिडकीशी उभं राहिल्यावर कळलं. दुपारचा खेळ, माणसं विरळ. तिने मुद्दाम एका एकट्या बाईशेजारची खुर्ची घेतली. दिवे गेले, भांडी पडायला लागली. ती पडद्याकडे पाठ फिरवल्यासारखी तिरकी बसली आणि त्या बाईच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. पडद्याचा उजेड त्या चेहऱ्यावर निळा, मग पिवळा पडत होता. खुर्चीचं गाणं आलं. बाईचा खालचा ओठ आत गेला, नाकपुड्या फुलल्या, मान हळूहळू मागे जाऊ लागली, आणि ती जागा आली तेव्हा तिचं तोंड किंचित उघडलं, तहानलेल्या माणसाच्या तोंडाशी पाणी यावं तसं, आणि डोळ्यांतून दोन्हीकडे एकदम पाणी गेलं. तिथे गाणं होतं. त्या परक्या चेहऱ्यावर ते सबंध चाललेलं दिसत होतं. भुकेल्याने खाणावळीच्या काचेला नाक लावावं तशी ती पुढे पुढे झुकत गेली, इतकी की बाईने दचकून मान वळवली.

"काय हवंय तुम्हाला?" बाई म्हणाली.

"मला गाणं ऐकू येत नाहीये," ती म्हणाली. पहिल्यांदा बोलली ती हे, आणि तेही अनोळखी माणसाशी. "तुम्हाला येतंय ना? कसं आहे ते? सांगा ना मला."

बाईने पर्स छातीशी धरली आणि उठून चार खुर्च्या पलीकडे जाऊन बसली. ती काय म्हणाली ते तिला ऐकू आलं, "बरं, बरं, असू दे". त्या शब्दांनी काहीच सांगितलं नाही. पण उठता उठता बाईचा चेहरा उजेडात आला होता, आणि तो मात्र तिला लख्ख वाचता आला. बाई तिला घाबरली होती.

मग तिने वेळ काढला नाही. आपल्याच इस्पितळात ती परत आली, या वेळी पुढच्या दाराने. मेंदूच्या डॉक्टरांना ती कित्येक वर्षं फोनवर ओळखत होती. त्यांच्या नुसत्या खाकरण्यावरून त्यांचा मूड सांगायची ती. समोर बसलेला किडकिडीत माणूस तिला पार अनोळखी वाटला. त्यांनी तिला हात वर करायला लावले, बोटाने नाक शिवायला लावलं, दात दाखवायला लावले. मग ते म्हणाले, "आता मी एकच वाक्य तीनदा म्हणतो. मी कसं म्हटलं ते सांगा. तोंडाकडे नका बघू." त्यांनी समोर फाइल धरली. "ती आली." थांबले. "ती आली." थांबले. "ती आली."

"तिन्ही एकच," ती म्हणाली.

फाइल खाली आली. डॉक्टरांनी तिच्यावर काहीतरी लिहिलं. "एकदा मी विचारलं, एकदा रागावलो, एकदा आनंदाने म्हटलं," ते म्हणाले. "मागच्या आठवड्यात कधी चक्कर? अंधारी?"

कपडे वाळत घालताना एकदा दोरी धरून उभी राहिले होते, जरा डोळ्यांपुढे अंधारून आलं होतं, तिने सांगितलं. तपासणीच्या बोगद्यासारख्या यंत्रात तिला आडवं घातलं. तिथले तंत्रज्ञ सगळ्यांना आधी सांगतात तसं म्हणाले होते की आत धडधडाट फार वाईट येतो, घाबरू नका. तिला तो थोरलीइतकाच वाटला, आणि त्या विचाराने ती आत पडल्या पडल्या पहिल्यांदा रडली. उजव्या बाजूला, कानाच्या वर, एक बारीकसा भाग रक्तावाचून मेला होता. डॉक्टरांनी चित्रावर पेनाचं टोक टेकून दाखवला. तांदळाच्या दाण्याएवढी काय ती राखाडी जागा. औषधं घ्यायची, म्हणजे आणखी भाग जाणार नाही. गेलेलं परत येईल का? काहींना येतं, थोडंथोडं. काहींना नाही येत. फोनचं काम तूर्त बंद.

नवऱ्याला निरोप गेला तसा तो कामावरून तडक आला. हाताला ग्रीस तसंच होतं. तपासणीच्या दालनाबाहेरच्या बाकावर तो तिच्या शेजारी बसला आणि तिने त्याला सगळं सांगितलं, सिनेमापासून, भांड्यांपासून, त्या रडणाऱ्या माणसापर्यंत. दादाचंही सांगितलं. तो जमिनीकडे बघत ऐकत होता.

"बरं," शेवटी तो म्हणाला.

"बरं म्हणजे काय?" ती म्हणाली. "अहो, मला कळत नाही आता. रागावलात का, आधी सांगितलं नाही म्हणून?"

"नाही."

"मग?"

आयुष्यभर हा माणूस दार आपटून, भाजीला नावं ठेवून किंवा तिच्या पायांवर पांघरूण ओढून बोलत आला होता. मनातलं शब्दांत सांगायची वेळ त्याच्यावर तिने कधी येऊ दिली नव्हती. त्याच्या "हं"मधूनच तिला दिवसभराचं कळायचं.

"शब्दांत सांगा," ती म्हणाली. "मला आता तेवढेच उरलेत."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. एक वॉर्डबॉय रिकामी चाकाची खुर्ची ढकलत समोरून गेला. तो जाईपर्यंत नवरा थांबला.

"भीती वाटतेय मला," तो म्हणाला.

किल्ली कुठे ठेवलीस, असं विचारावं तसं ते तिच्या कानावर आलं, सपाट, कोरडं. तिने ते शब्द उचलून पुन्हा एकदा मनात ठेवून पाहिले.

"किती?"

लिफ्ट दुरुस्त व्हायला किती वेळ लागेल, असं कोणी विचारल्यावर तो करायचा तसा त्याने खरोखर विचार केला. "खूप," तो म्हणाला. "जिन्यात उभा होतो खाली. वर यायला पाय उचलेना."

"मलाही भीती वाटतेय," ती म्हणाली.

त्याचा ग्रीसचा हात तिच्या हातावर होता आणि तिच्या बाहीला डाग पडत होता. मग तो म्हणाला, "म्हणजे आता माझं घोरणं आणि तुझी थोरली, एकच भाव." ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याने घसा साफ केला आणि तळहात पँटीला पुसत जरा ओशाळून सांगितलं, "थट्टा केली."

ती हसली, उशिराच. आपलं हसू बाहेर कसं पडलं, ते हसणं होतं की आणखी काही, हेही आपल्याला कळलं नाही असं तिच्या ध्यानात आलं, आणि तिने घाबरून त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"हसलीस," तो म्हणाला.